बिनभट्टीची बिस्किटं

मनकर्णाबाईंच्या दारातून आजवर कुणी कोरड्या तोंडानं गेलं नव्हतं. ही गोष्ट इमारतीत सगळ्यांना माहीत होती, कारण मनकर्णाबाईंनीच ती सगळ्यांना सांगितली होती. गॅसची टाकी आणणारा असो, विजेचं मीटर बघायला आलेला असो, की पत्ता चुकून तिसऱ्या मजल्यावर चढलेला परका माणूस असो, हातावर काहीतरी पडल्याशिवाय त्याची सुटका नसे. त्यांचे यजमान बद्रीनाथराव म्हणायचे, "हिच्या घरात चोर शिरला तर जेवूनच जाईल." ते अगदीच खोटं नव्हतं.

आणि अशा बाईच्या बरोबर समोरच्या दारात एक लेकरू राहत होतं, ज्याला मनकर्णाबाईंच्या घरचं काहीसुद्धा चालत नव्हतं.

मुबश्शिरा तिचं नाव. शाळेत जायला लागेपर्यंत ती मनकर्णाबाईंच्या ओट्याशीच वाढली म्हणा ना. तूप-साखरेची पोळी खायची आणि तोंड पुसत घरी जायची. मग तिचं पोट दुखायला लागलं, अंगाला काही लागेना, दवाखान्याच्या चकरा झाल्या आणि शेवटी डॉक्टरांनी एक अवघड इंग्रजी नाव सांगितलं. त्याचा अर्थ एवढाच, की पोरीच्या आतड्याला गहू सोसत नाही. पोळी बंद, रवा बंद, मैदा बंद, शेवया बंद. बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण कणकेचा हात लागलेला चमचा, गव्हाच्या मागोमाग त्याच गिरणीत दळलेली ज्वारी, हिंगाच्या डबीत मिसळलेलं पीठ, यातलं काहीही तिला आडवं पाडायला पुरत होतं. कणभर पोटात गेलं तरी पोर पुढचे दोन-चार दिवस पोट धरून पडायची.

तेव्हापासून तिच्या आईनं, आमरीननं, पोरीभोवती पहारा बसवला होता. आमरीन बोलायला गोड, पण खाण्याच्या बाबतीत कडक. कुणी काही पुढं केलं की हसून म्हणायची, "नको मौशी, आत्ताच खाल्लं तिनं." मनकर्णाबाईंना कारण समजत होतं, पटतही होतं. पण पटलं म्हणून सल थोडाच जातो? लेकरू दारात येतं, पुरणाचा वास घेतं आणि तसंच परत जातं, हे त्यांना फार लागायचं. एकदा त्या देवघरात बसून चक्क रडल्या आणि बद्रीनाथरावांनी विचारल्यावर "कांदा चिरत होते" म्हणाल्या. देवघरात कांदा कोण चिरतं, हे विचारायची काही त्यांची छाती झाली नाही.

यंदा मुबश्शिराचा वाढदिवस रविवारी आला. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती मनकर्णाबाईंच्या दिवाणावर पाय हलवत बसली होती.

"आजी, क्रांती चौकातल्या बेकरीतून केक येणारे. दोन मजल्यांचा. आणि माझ्यासाठी अम्मी वेगळं करणारे."

"वेगळं कामून गं?"

"दरवेळी वेगळंच असतं. सगळे केक खातात, मी माझ्या ताटलीत खाते."

पोर हे अगदी साधेपणानं बोलली, रडगाणं म्हणून नव्हे. तेच मनकर्णाबाईंच्या काळजात रुतलं. वाढदिवस हिचा, केक हिच्या नावाचा, आणि पंगतीतून उठवलेली हीच! त्या रात्री जेवणात त्यांचं लक्ष नव्हतं. सून दीपमाला ते बघत होती. जेवणं झाल्यावर तिनं मोबाईल त्यांच्या पुढ्यात धरला.

"आई, हे बघा. शेंगदाण्याच्या लोण्याची बिस्किटं. यात पीठ नाय, ओव्हन नाय, काहीच नाय. ज्यांना गहू चालत नाय त्यांच्यासाठीच केलेली."

"शेंगदाण्याचं लोणी? शेंगदाणा काय दूध देतो व्हय?"

"बघा तर."

मनकर्णाबाईंनी बघितलं. मग परत बघितलं. मग चष्मा पुसून परत बघितलं. भाजलेले शेंगदाणे मिक्सरमध्ये फिरवत राहायचे, फिरवत राहायचे, त्यांचं तेल सुटून लोण्यासारखा गोळा होतो. त्यात वाटलेला खजूर, राजगिऱ्याच्या लाह्या, खोबऱ्याचा कीस. वळायचं, थापायचं, थंड करायचं. संपलं! यात न येण्यासारखं काय होतं? जन्मभर तिळगुळाचे लाडू वळणारी बाई ती. त्यांचे डोळे असे चमकायला लागले, की बद्रीनाथरावांनी ओळखलं, आता घरात काहीतरी होणार.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मनकर्णाबाई समोरच्या दारात उभ्या.

"आमरीन, केक सांगू नको. लेकरांचं खाणं मी करते, शेंगदाणे अन् लाह्यांची बिस्किटं. सगळ्या लेकरांना एकाच ताटातलं. तुझ्या लेकराला बी तेच."

आमरीनच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. "मौशी, तुम्ही कशाला तकलीफ घेता?"

"तकलीफ नाय, हौस हाय. गव्हाचा कण येऊ देणार नाय. माझ्यावर भरोसा ठेव."

नाही म्हणायला आमरीनला जड जात होतं आणि हो म्हणायला त्याहून जड. शेवटी ती आत गेली आणि फक्त मुबश्शिरासाठी राखून ठेवलेली सगळी भांडी घेऊन आली. मिक्सर, कढई, परात, उलथनं, झाकणाचा डबा. वर न फोडलेली लाह्यांची आणि शेंगदाण्यांची पाकिटं.

"मौशी, बुरा नका मानू. बनवायचं तर यातच बनवा. आणि तिला देण्याआधी मी एकदा बघीन."

"बुरा कशाला मानू? लेकराच्या जिवाची गोष्ट हाय."

त्या दुपारी आमरीननं बेकरीत केक नको म्हणून कळवलं आणि येणाऱ्या प्रत्येक पोराच्या आईला फोन करून शेंगदाणा चालतो ना, हेही विचारून घेतलं. आता बिस्किटं बिघडली तर वाढदिवसाला पोरांच्या हातावर ठेवायला काहीच नव्हतं. मनकर्णाबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी तो व्हिडिओ परत पहिल्यापासून बघितला.

रविवार उजाडला तो धुण्यापुसण्यानं. ओटा दोनदा पुसला, पोळपाट-लाटणं माळ्यावर चढवलं, कणकेचा डबा पलंगाखाली ढकलला. गव्हाची कोठी मात्र दाराजवळ होती तिथंच राहिली. खुलताबादकडच्या शेतातल्या गव्हानं ती गळ्यापर्यंत भरलेली, हलवायला दोन गडी लागले असते, आणि मुलगा सुदर्शन चितेगावच्या कारखान्यात सकाळपाळीला गेलेला.

"रविवार अन् पोळी नाय?" बद्रीनाथरावांनी भाताकडं बघून विचारलं.

"आज या घरात गव्हाला बंदी हाय. गुमान खा."

शेंगदाणे मंद आचेवर चढले. मनकर्णाबाई उलथन्यानं हलवत राहिल्या, घरभर खमंग वास सुटला, एकेक दाणा तडतडला. थंड झाल्यावर सालं काढायची वेळ आली, आणि सवयीनं त्यांनी भिंतीवरचं सूप काढलं. काढलं आणि जाग्यावर थबकल्या.

"दीपमाला! अगं, या सुपात उभा जन्म गहू पाखडले मी!"

"बरं झालं ध्यानात आलं, आई."

"माझ्या ध्यानातून काही सुटत नाय," असं म्हणून त्यांनी सूप परत टांगलं, हात धुतले आणि स्वतःवर लई खूश झाल्या. मग आमरीनच्याच परातीत दाणे चोळले गेले आणि गॅलरीत टेबलफॅन लावून सालं उडवली गेली. ती खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊन बसली. खालून आरडाओरडा झाला. वरून मनकर्णाबाईंनी "वाढदिवस हाय!" एवढंच उत्तर दिलं.

मिक्सर सुरू झाला. आधी झाला कूट. तो तर रोजच होतो. मग कूट भांड्याच्या कडेला चिकटला आणि हलेचना. मिक्सर तापला, दीपमालानं तो थांबवला, चमच्यानं खालीवर केलं, परत लावला. परत थांबवला. मनकर्णाबाईंचा धीर सुटायला लागला.

"हे काय लोणी व्हायचं लक्षण दिसंना. त्या व्हिडिओवाल्यांनी फसवलं बघ."

"थांबा हो आई, दम धरा."

आणि मग एकाएकी मिक्सरचा आवाज बदलला. घरघर जाऊन गुळगुळीत आवाज यायला लागला. झाकण काढलं तर आत तांबूस, चकचकीत, ओघळणारं लोणी! मनकर्णाबाईंनी टाळीच वाजवली.

"अवो, इकडं या! शेंगदाण्यानं दूध दिलं!"

बद्रीनाथराव बोट पुढं करत आले, तर दीपमालानं भांडंच उचलून घेतलं. "बाबा, तुमच्या हाताला काय लागलंय देव जाणे."

"अगं, यात साखर नाय म्हणजे मलाही चालंल ना?"

"खजूर काय कडू असतो व्हय? डायबिटीसला एकच मिळंल, ते बी संध्याकाळी," मनकर्णाबाईंनी बजावलं.

पुढचं काम हाताचं होतं आणि तिथं मनकर्णाबाईंना कुणी शिकवायचं नव्हतं. खजूर, लाह्या, खोबरं, चिमूटभर मीठ. गोळे भराभरा वळले, तळव्यावर चपटे केले, वर बदामाचे काप लावले. बद्रीनाथराव दारात उभे राहून शंका काढत होते.

"पण भट्टीत भाजलंच नाय तर बिस्किट कसं म्हणायचं?"

"दाणे भाजले, खजूर उन्हानं भाजला, अन् सकाळपासून मी भाजून निघते ती वेगळी. अजून काय भाजायचं राहिलंय?"

त्यावर बद्रीनाथराव निमूटपणे पेपर वाचायला गेले. दीपमालानं मिक्सर, कढई आणि उरलेले भाजके शेंगदाणे, लाह्या, खजूर दुपारीच समोर नेऊन दिले आणि ती फुगे फुगवायला तिकडंच थांबली.

संध्याकाळी मनकर्णाबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं. फ्रिजमधून डबा काढला. बिस्किटं अशी घट्ट बसली होती, की बोटानं टिचकी मारावी. धुतलेली परात घेतली, डब्याला जरा हवा लागू दिली, वर लावलेले बदामाचे काप कुठं सुटले होते ते अंगठ्यानं दाबून बसवले, झाकण लावलं, डबा परातीत ठेवला आणि निघाल्या. समोरच्या दारातून पोरांचा गलका ऐकू येत होता. लग्नघरात शिरताना होतं तसं त्यांना झालं होतं.

"आजी आली! आजीची बिस्किटं आली!" मुबश्शिरा नव्या फ्रॉकमध्ये उड्या मारत पुढं आली. तिच्यामागं सगळी फौज.

आमरीननं परातीतला डबा उचलला, आणि तिचा हात तसाच राहिला. परातीच्या तळाला मूठभर गहू होते.

आता हे कुणाला सांगून कळायचं नाही. मनकर्णाबाईंच्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडं, शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नसत. मूठभर धान्य घालूनच द्यायचं. रिकामं भांडं परत देणं म्हणजे शेजाऱ्याच्या घराला रितेपण देणं. बाहेर पडताना कोठी दाराशीच, परात हातात, आणि उभ्या जन्माची सवय. डोक्यानं दिवसभर गव्हाला बंदी घातली होती, पण ते हाताला कुणी सांगितलं नव्हतं!

"अगं बाई!" मनकर्णाबाईंचा चेहरा उतरला. "सवयीनं घातले बघ. कसं सुचलं मला!"

आमरीननं स्वतःला सावरलं. "असू दे, मौशी. डबा बंद होता ना?"

"बंद होता. घट्ट बंद."

आमरीननं परात बाजूला नेऊन ठेवली, हात धुतले, डबा बाहेरून ओल्या फडक्यानं पुसला आणि मग उघडला. पोरं "वाऽऽ" करून ओरडली. आमरीन वाकून निरखून बघत राहिली, वास घेतला, आणि तिच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली. तिनं मनकर्णाबाईंकडं बघून मान हलवली आणि डबा लेकीपुढं धरला. मुबश्शिरानं सगळ्यात मोठं बिस्किट उचललं.

त्यावरच्या बदामाशेजारी अंगठ्याचा ठसा होता. मनकर्णाबाईंनी तो बघितला, आणि त्यांना निघतानाचं सगळं लख्ख आठवलं. आधी परात घेतली. गहू घातले. त्याच हातानं झाकण काढलं. त्याच अंगठ्यानं बदाम दाबले.

कोठीतल्या गव्हाची धूळ ती कितीशी असणार? डोळ्यांना दिसलीही नसती. आणि दुसऱ्या कुणाला हे कधी कळलंही नसतं. पण तेवढा विचार करायला मनकर्णाबाई थांबल्याच नाहीत. पोरीच्या ओठांपर्यंत गेलेलं बिस्किट त्यांनी झडप घालून हिसकावून घेतलं.

मुबश्शिराचा हात हवेतच राहिला आणि डोळे भरून आले. लेकराच्या तोंडचा घास काढून घेतला! मनकर्णाबाईंनी, साऱ्या जन्मात, पहिल्यांदा!

"आमरीन, मी घोटाळा केला गं. गहू घातलेल्या हातानं बदाम दाबले. लई ठिकाणी दाबले. मला आत्ता ध्यानात आलं. हिला देऊ नको, यातलं काहीच देऊ नको."

एवढं बोलून त्यांना तिथं थांबवेना. केक नाही, बिस्किटं नाहीत, आणि सणासुदीसारख्या घरात पोरगी रडवेली उभी. आपण मोठ्या तोंडानं भरोसा ठेव म्हणालो होतो. लाजेनं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दाराकडं वळल्या.

आमरीननं त्यांचा हात धरला. तिच्या डोळ्यांत राग असेल असं मनकर्णाबाईंना वाटलं होतं, तर तिचे डोळे वाहत होते.

"कुठं निघालात, मौशी? भाजलेले शेंगदाणे आहेत ना माझ्याकडं. दीपमालानं दुपारीच दिले."

"आता? पोरं थांबतील व्हय?"

"भट्टी तर तापवायची नाही," आमरीन डोळे पुसत हसली. "चला, हात धुवा. कोपरापर्यंत. बांगड्या पण."

आणि मग जी धांदल उडाली, ती त्या इमारतीत कधी उडाली नसेल. मनकर्णाबाईंनी बांगड्या उतरवल्या, साबणानं हात घासले, नखं घासली, आमरीननं आपली स्वच्छ ओढणी त्यांच्या लुगड्यावरून गुंडाळून दिली. पोरांनी मोरीपुढं रांग लावली आणि आमरीननं एकेकाचे तळवे उजेडात धरून तपासले. मिक्सर घरघरला. "लोणी झालं का? झालं का?" असं सगळी पोरं एका सुरात विचारत होती, आणि आवाज बदलल्याबरोबर मनकर्णाबाई ओरडल्या, "आलं!" दीपमाला खजूर वाटत होती, पोरं लाह्या चोरत होती, कुणाचं बिस्किट चौकोनी झालं, कुणाचं हत्तीसारखं. बिचारा पहिला डबा समोर बद्रीनाथरावांकडं गेला, आणि तिथं एकाच बिस्किटाचा नियम किती पाळला गेला याची चौकशी कुणी केली नाही.

फ्रिजमध्ये ठेवायला वेळच नव्हता. मऊ मऊ बिस्किटांचा एका मोठ्या ताटात ढीग रचला, त्यात मेणबत्त्या खोचल्या. त्या जरा कलल्याच. मुबश्शिरानं फुंकर घातली, टाळ्या झाल्या, आणि सगळे हात एकदम त्या एकाच ताटात पडले. तिचाही.

"आजी, तू भरव ना."

मनकर्णाबाईंनी आमरीनकडं बघितलं. आमरीन पाहुण्यांना सरबत द्यायला वळलीसुद्धा होती. मग त्यांनी पोरीच्या तोंडात घास घातला. किती दिवसांचा राहिलेला तो घास! पोरगी गालभर खजूर लावून हसली आणि मनकर्णाबाईंना पुढचं काही दिसेनासं झालं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी बेल वाजली. दारात आमरीन, पायात चपला, खांद्याला पर्स, आणि हाताला धरलेली मुबश्शिरा.

"मौशी, खुलताबादला अम्मीकडं जाऊन येते. हिला शाळेला सुट्टी आहे, इथंच ठेवून जाते. भूक लागली तर काहीतरी द्या तिला."

शेजारीण शेजारणीला म्हणते ते हे रोजचं वाक्य. पण पोरीचं दुखणं कळल्यापासून आमरीननं ते कुणालाच म्हटलं नव्हतं. ना डबा सोबत दिला होता, ना भांडी. ती बोलली आणि जिना उतरायलाही लागली.

मनकर्णाबाई कठड्याला धरून खाली वाकल्या. "अगं, पण काय देऊ?"

"तुम्हाला ठाऊक आहे, मौशी," खालून आवाज आला.

चपलांचा आवाज जिन्याच्या तळाशी विरेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या. मुबश्शिरा तोवर आत जाऊन दिवाणावर चढून बसली होती.

"आजी, मला भूक लागली."

"आले गं बाई, आले," म्हणत मनकर्णाबाई आधी हात धुवायला गेल्या.